कलमकाका

मोबाइलवर ‘मला मान्य आहे’ या चौकोनावर न वाचता बोट ठेवणाऱ्या माणसाला कलमकाका निरक्षर समजतात. ते स्वतः सगळं वाचतात. लाँड्रीच्या पावतीच्या मागचा मजकूर वाचतात. पार्किंगच्या चिठ्ठीवर ‘वाहन मालकाच्या जबाबदारीवर’ हे वाचून ‘मग दहा रुपये कसले?’ असं विचारतात आणि मागे चार गाड्या अडवतात. एका लग्नाला नुसते पाहुणे म्हणून गेले असताना त्यांनी कार्यालयाचं नियमपत्रक मागवून घेतलं. त्यात ‘अक्षता सांडल्यास सफाईचा जादा आकार’ हे कलम त्यांना सापडलं. ते सगळ्यांना सावध करायला उठले, तोवर मंगलाष्टकं संपली होती.

बाणेरच्या ज्या सॉफ्टवेअर कंपनीत आम्ही आहोत तिथे काका आर्किटेक्ट आहेत. खरं काम मात्र एकच. कुणी नेटवरून एखादी लायब्ररी उतरवून घेतली की त्यांच्या टेबलापाशी जायचं आणि विचारायचं, “काका, ही वापरली तर चालेल का?” निव्वळ ‘चालेल’ हे उत्तर आजवर कुणाला मिळालेलं नाही. ‘चालेल, पण’ मिळतं. त्या ‘पण’च्या पुढे चहा थंड होतो, मीटिंग बुडते आणि विचारणारी पोरगी शेवटी तेवढा कोड स्वतःच लिहून काढते. कंपनीच्या कोडमधला बराचसा भाग या भीतीपोटी स्वदेशी झाला आहे.

पण काकांची खरी कथा त्यांच्या स्वतःच्या प्रोग्रॅमची आहे. मूल शाळेत होतं तेव्हा त्यांनी तो लिहिला, आता मूल नोकरीला लागलं. आकडा द्या, मराठीत अक्षरी रक्कम घ्या, एवढंच त्याचं काम. ५७,६४९ घातले की ‘सत्तावन्न हजार सहाशे एकोणपन्नास रुपये फक्त’. ऐकायला सोपं वाटतं. इंग्रजीत हे काम वीस-तीस शब्दांवर भागतं. मराठीत मात्र शंभरापर्यंतच्या प्रत्येक आकड्याला स्वतंत्र नाव आहे आणि नियम शोधायला जाणाऱ्याची फजिती ठरलेली. एकोणीस, एकोणतीस करत एकोणनव्वदपर्यंत शिस्तीत चाललेला नियम नव्व्याण्णवला येऊन मोडतो. म्हणून काकांनी शंभर शब्दांचा तक्ता हाताने भरला, त्यावर लाख-कोटीचं गणित बसवलं आणि शून्य रुपयांसाठी हिशेबनिसांचा जुना शब्द घातला : ‘निरंक फक्त’. तीनेकशे ओळींचा नेटका प्रोग्रॅम. एकही चूक नाही. काकांना तो सगळ्या महाराष्ट्राला फुकट द्यायचा आहे.

अजून दिलेला नाही, कारण कोणत्या परवान्याखाली द्यायचा ते ठरत नाही.

“नुसता टाकून द्या ना नेटवर,” असं दर वर्षी एखादा नवा मुलगा म्हणतो आणि दर वर्षी त्याची शिकवणी होते. कॉपीराइट मागावा लागत नाही, लिहिताक्षणीच तो लेखकाला चिकटतो. परवाना न लावता उघड्यावर ठेवलेला कोड म्हणजे सगळे हक्क राखून ठेवलेला कोड. बघा, पण घेऊ नका. आपल्या १९५७ च्या कायद्यात तर संगणकाचा प्रोग्रॅम ‘साहित्यकृती’त मोडतो. म्हणजे कायद्याने काका साहित्यिक आहेत, आणि हे ते एका दिवाळी अंकाच्या संपादकांनाही ऐकवून आले आहेत.

यावर हसणं सोपं आहे. पण परवाना न लावता कोड उघड्यावर टाकणारे हजारो लोक आपण तो दान केला असं समजतात आणि घेणारेही तसंच समजतात. दोघेही चूक, काका बरोबर. काकांचं दुर्दैव असं की ते बहुतेक वेळा बरोबर असतात.

आता सरळमार्गी माणसाने एमआयटीचा परवाना लावला असता. तो जेमतेम पावणेदोनशे शब्दांचा आहे : काय वाटेल ते करा, माझं नाव आणि हा मजकूर तेवढा ठेवा, काही बिघडलं तर माझ्याकडे येऊ नका. जगातल्या वकिलांना तो पाठ असल्यामुळे कुणी वाचतही नाही. काकांनी तो वाचला. मग त्यांनी भारतीय कायद्याचं १९ वं कलम काढलं. कॉपीराइटच्या हस्तांतरणात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरावी आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारत समजावा, असं ते कलम म्हणतं. आणि ३०-ए हे कलम तोच नियम आवश्यक त्या फेरफारांसह परवान्यांनाही लावतं.

“एमआयटीत मुदत आहे?” काकांनी विचारलं.

“नाही.”

“प्रदेश?”

“नाही.”

“म्हणजे पाच वर्षांनी बेळगावातल्या माणसाने काय करायचं आणि पहिल्याच दिवशी बोस्टनमधल्या माणसाने काय करायचं?”

“काका, तीनशे ओळींसाठी बोस्टनच्या माणसाला कोर्टात कोण खेचणार? तुम्हीच ना? तुम्ही खेचणार नाही, मग झालं!”

“मी नाही खेचणार,” काका म्हणाले. “पण माझे वारस?”

त्यांचा वारस बंगळुरूला एका बँकेत आहे आणि वडिलांची साहित्यसंपदा आपल्याला मिळणार आहे याची त्याला कल्पना नाही.

मग अपाचीचा परवाना. त्यात ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ दोन्ही शब्द २००४ सालापासून छापलेले आहेत, वर पेटंटचीही सोय आहे. आम्हाला वाटलं, सुटलो. पण जीपीएल या परवान्याच्या १९९१ सालच्या दुसऱ्या आवृत्तीशी अपाचीचं जमत नाही, तिसरीशी जमतं, हे कळल्यावर काकांना दुसऱ्या आवृत्तीवाल्यांची कणव आली. बरं, मग जीपीएलच घ्या. रिचर्ड स्टॉलमनचं तत्त्व काकांना पटतं : घेतलंत तर घ्या, बदला, विका, पण पुढे देताना तुमचा कोडही याच अटीवर खुला करा. पण ही अट वाटपाला लागते. कुणी काकांचा तक्ता आपल्या सर्व्हरवर ठेवून लोकांना नुसती सेवा दिली तर? ती फट बुजवायला एजीपीएल आला. कोड बदलून सेवा दिली तर नेटवरून वापरणाऱ्यालाही तो मागता येईल, असं त्याच्या २००७ सालच्या आवृत्तीचं तेरावं कलम म्हणतं. काकांनी ते आमच्या कायदा विभागातल्या मॅडमना उत्साहाने वाचून दाखवलं. गूगलसारखी कंपनी आपल्या माणसांना एजीपीएलला हातही लावू देत नाही, हे जाहीरच आहे. आमच्या मॅडमनी हात नाही लावला, फक्त खुर्ची मागे सरकवली.

इथवर काका शहाण्यांच्या वस्तीत होते. यानंतर ते आडवाटेला लागले.

आडवाटेचे परवाने हे एक वेगळंच जग आहे. पोल-हेनिंग काम्प या डॅनिश गृहस्थाचा बिअरवेअर परवाना घ्या : कोड हवा तसा वापरा, कधी भेट झाली आणि हे काम तुम्हाला मोलाचं वाटलं तर मला बिअर पाजू शकता. काकांना कल्पना आवडली, पेय आवडलं नाही. त्यांनी ‘अमृततुल्य परवाना’ लिहायला घेतला. दोन दिवसांत तो अडकला. ‘चहा पाजू शकता’ असं लिहिलं तर ती अट उरत नाही, सूचना होते, आणि सूचनेवर पुण्यात कुणी कुणाला चहा पाजल्याचा दाखला नाही. ‘पाजलाच पाहिजे’ लिहिलं तर ते मोल झालं, म्हणजे परवाना मुक्त राहिला नाही. शिवाय घेणारी कंपनी असेल तर चहा कुणी पाजायचा, संचालक मंडळाने?

मग डग्लस क्रॉकफर्ड. जेसन हे नाव ज्याच्यामुळे घरोघरी पोचलं त्या माणसाने आपल्या कोडच्या परवान्यात एक ओळ घातली : हे सॉफ्टवेअर चांगल्यासाठी वापरावं, वाईटासाठी नाही. कुणाही सुसंस्कृत माणसाला ही ओळ गोड वाटेल. वकिलांची झोप उडाली, कारण वाईट म्हणजे काय ते लिहिलेलं नाही. आयबीएमच्या वकिलांनी परवानगी मागितली आणि आपण त्यांना वाईटासाठी वापरायची लेखी मुभा देऊन टाकली, हा किस्सा क्रॉकफर्डनेच भाषणात सांगितला आहे. डेबियनवाल्यांनी हा परवाना मुक्त मानायचं नाकारलं, आणि २०१६ साली अपाची फाउंडेशननेही आपल्या प्रकल्पांत त्याला बंदी केली. एका सज्जन ओळीमुळे चांगला कोड अनेकांच्या दारातून परत गेला.

काकांनी यातून बोध घेतला तो असा की ‘वाईट’ची व्याख्या द्यायला हवी. व्याख्येचं परिशिष्ट वाढत गेलं. सावकारी आली, बिल्डरचा ‘इतर खर्च’ आला, देणगीच्या नावाखाली घेतलेली शाळाप्रवेशाची रक्कम आली.

“आणि लाच,” काका म्हणाले. “माझा प्रोग्रॅम लाचेच्या पावतीला वापरला तर?”

“लाचेची पावती देत नाहीत, काका.”

काकांनी थोडा विचार करून ते पोटकलम काढलं नाही. कंसात टाकलं.

विम हा टेक्स्ट एडिटर काका रोज वापरतात. त्याच्या परवान्यात ब्राम मोलेनार या डच माणसाने युगांडातल्या मुलांना मदत करा असं सुचवलेलं आहे, सक्ती न करता. मोलेनार २०२३ साली गेले तेव्हा काका दिवसभर गप्प होते, आणि आमच्याकडे त्यांच्यावरचा त्या दिवशीचा एकही किस्सा नाही.

सगळ्यात रंगला तो हक्कसोड प्रकार. परवान्याचा वैतागच नको, हक्कच सोडून देऊ. रिचर्ड हिपने एसक्यूलाइटचं हेच केलं. आपल्या खिशातल्या मोबाइलमध्येही तो डेटाबेस असतो. त्यावर कुणाचीही मालकी नाही, आणि परवान्याच्या जागी कोडमध्ये चक्क आशीर्वचन आहे. हात लावणाऱ्या प्रत्येकाकडून हक्क सोडल्याचं प्रतिज्ञापत्र लिहून घेतात आणि ते कागद अग्निरोधक तिजोरीत ठेवतात. तरीही मोठ्या कंपन्यांच्या वकिलांना फुकटावर भरवसा बसत नाही. मग एसक्यूलाइटचीच मंडळी पैसे घेऊन त्यांना रीतसर कागद विकतात. “हे पुण्याबाहेर सुचलंच कसं?” काका हळहळले.

भारतात हक्क सोडायची सोय कायद्याच्या २१ व्या कलमात आहे. कॉपीराइटच्या रजिस्ट्रारला विहित नमुन्यात नोटीस द्यायची किंवा जाहीर नोटीस काढायची. ‘जाहीर नोटीस’ हे शब्द दिसताच काकांच्या अंगात त्यांचे मुळशीचे तलाठी आजोबा आले. मसुदा तयार झाला : ‘तमाम लोकांस या जाहीर नोटिशीने कळविण्यात येते की, खाली वर्णन केलेल्या प्रोग्रॅमवरील माझा हक्क, अधिकार व हितसंबंध मी राजीखुशीने व कोणत्याही दडपणाशिवाय सोडून देत आहे.’ तो घेऊन ते लक्ष्मी रोडवरच्या एका जाहिरात एजन्सीत गेले. काउंटरवरच्या बाईंनी मसुदा वाचला आणि पेन उघडून विचारलं, “गट नंबर?”

“जमीन नाही, सॉफ्टवेअर आहे.”

“बरं. क्षेत्रफळ?”

“तीनशे बारा ओळी.”

“चतुःसीमा लागतील, काका. त्याशिवाय वरून परत येतं.”

दुसऱ्या कुणाला इथे हसू आलं असतं. काकांना तो प्रश्न रास्त वाटला. ते घरी आले आणि प्रोग्रॅमच्या चारी बाजूंना काय आहे याचा विचार करू लागले. वरच्या बाजूला एक वाचनसूत्र होतं, खालच्या बाजूला छपाईचं फंक्शन, आणि तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं की ते छपाईचं फंक्शन त्यांनी तेव्हा एका पुस्तकातून घेतलं होतं. शेजाऱ्याची भिंत आपल्या हद्दीत निघाल्यावर माणसाचं जे होतं ते काकांचं झालं. हक्कसोड बारगळली.

त्यांच्याकडे दिलासा द्यायला एक गोष्ट आहे आणि ती खरी आहे. अमेरिकेत खेळण्यातल्या आगगाड्या चालवायचं एक मुक्त सॉफ्टवेअर आहे. त्याच्यावर होता पर्ल भाषेसाठी लिहिलेला ‘आर्टिस्टिक’ नावाचा परवाना, ज्याच्या ढिल्या भाषेची कायदेपंडित चेष्टा करत. एका व्यापाऱ्याने त्यातल्या फायली उचलल्या आणि मूळ लेखकांची नावं गाळली. खालचं कोर्ट म्हणालं, फार तर करारभंग. २००८ साली अपील कोर्टाने ते फिरवलं : या अटी म्हणजे खऱ्या अटी आहेत, त्या मोडल्या तर कॉपीराइटचा भंग होऊ शकतो. मुक्त परवान्यांना अमेरिकेत कायद्याचा कणा मिळाला तो या टीचभर आगगाडीच्या खटल्यात. ही गोष्ट सांगताना काकांचा आवाज चढतो. पँट्रीतला मुलगा कॉफीचं मशीन बंद करून ऐकतो. “आगगाडी!” काका म्हणतात. “आणि तुम्ही मला तीनशे ओळींवरून हसता.”

त्यांना कळत नाही असं नाही. परवान्यात घातलेली प्रत्येक जादा अट घेणाऱ्याला भरावी लागते, हे त्यांच्याइतकं स्वच्छ आम्हाला कुणीच समजावलेलं नाही. बर्कलीच्या जुन्या बीएसडी परवान्यात जाहिरातीत आमचं नाव छापा एवढीच जादा अट होती. ज्याने त्याने तीत आपापलं नाव घातलं, आणि १९९७ च्या नेटबीएसडीत असे पंचाहत्तर ऋणनिर्देश स्टॉलमनने मोजले. १९९९ साली बर्कलीने ती अट काढून टाकली. सन कंपनीची झेडएफएस ही फाइल यंत्रणा आणि लिनक्स, दोन्ही मुक्त, दोन्ही घरंदाज, पण एकीचा परवाना सीडीडीएल आणि दुसऱ्याचा जीपीएल, त्यामुळे पत्रिका जुळत नाही. हे सगळं सांगून झाल्यावर काका म्हणतात, “म्हणून परवाना नेहमीचाच घ्यावा. माझा अपवाद आहे.”

कंपन्या आपला खुला परवाना बदलून बंधनं वाढवू लागल्या तेव्हा काकांना फार समाधान झालं. मोंगोडीबीने २०१८ साली बदलला, इलॅस्टिकने २०२१ साली, हॅशीकॉर्पने २०२३ साली, रेडिसने २०२४ साली. यांतल्या इलॅस्टिक आणि रेडिसने पुढे एजीपीएलचा पर्याय देऊन अर्धी वाट परतही तुडवली. “पाहा,” काका म्हणाले. “न ठरवता निघालं की असं होतं. मी अजून घरीच आहे.”

शेवटी त्यांनी स्वतःचा मराठी परवाना लिहायला घेतला. निमित्त युरोपीय संघाचं. त्यांचा ईयूपीएल हा परवाना वीसहून अधिक भाषांत आहे आणि प्रत्येक भाषेतला मजकूर सारखाच कायदेशीर. माल्टाच्या भाषेत परवाना असू शकतो आणि मराठीत नाही? आम्ही हातापाया पडलो. नवनवे परवाने नकोत म्हणून ओपन सोर्स इनिशिएटिव्हने २००६ सालीच समितीचा अहवाल काढला, हे त्यांच्याकडूनच शिकलेलं आम्ही त्यांनाच सांगितलं. काका म्हणाले, समितीवर मराठी माणूस नव्हता. आजमितीला परवाना प्रोग्रॅमच्या दुप्पट झाला आहे. ‘परवानादार’, ‘उपपरवानादार’ आणि ‘परवानादाराचा हितचिंतक’ या तीन व्याख्या पक्क्या झाल्या आहेत.

मध्यंतरी काका कोथरूडच्या त्यांच्या सोसायटीची मेंटेनन्सची पावती हातात घेऊन बराच वेळ उभे होते. थकबाकीच्या रकान्यात छापलं होतं : ‘अक्षरी रुपये निरंक फक्त’.

“हा माझा निरंक आहे,” काका घरात येऊन म्हणाले. “यांच्याकडे माझा प्रोग्रॅम गेला कसा?”

“अहो, मीच दिला,” काकू म्हणाल्या. “दोन-तीन वर्षं झाली. खजिनदार पेन ड्राइव्ह घेऊन आले होते, म्हणाले, वहिनी, हे वापरलं तर चालेल का? मी म्हटलं, चालेल.”

“चालेल, पण?”

“नुसतं चालेल.”

“तुला तो अधिकार नव्हता.”

“मग करा केस माझ्यावर. आधी कुकर उतरवा.”

काकांनी कुकर उतरवला. मग सोसायटीला त्यांनी पूर्वलक्षी प्रभावाने परवाना बहाल केला, दोन पानी, प्रत्येक पानावर सही. मुदत : कॉपीराइट संपेपर्यंत. प्रदेश : संपूर्ण जग, आणि शंकानिरसनार्थ बी विंगसह. सेक्रेटरींनी तो वार्षिक सभेपुढे ठेवला. सभा गणपूर्तीअभावी अर्धा तास तहकूब होऊन पुन्हा भरली, तेव्हा बी विंगमधल्या एका निवृत्त तहसीलदारांनी हरकत घेतली. संपूर्ण जगात बी विंग येत नाही का, आणि येत असेल तर वेगळा उल्लेख करण्यामागे काय हेतू आहे? काकांना आयुष्यात प्रथमच आपला मसुदा बारकाईने वाचलेला माणूस भेटला होता. दोघे पाण्याच्या टाकीचा विषय मागे टाकून पोटकलमांत शिरले. लिफ्टवाल्याचं बिल मंजूर व्हायचं राहिलं, बायका उठून गेल्या, आणि परवान्याचा फेरविचार करायला दोघांची उपसमिती नेमून सेक्रेटरींनी कशीबशी सुटका करून घेतली.

“तोवर पावत्यांचं काय करू?” सेक्रेटरींनी दारातून विचारलं. “छापायच्या की थांबवायच्या?”

काकांनी तहसीलदारांकडे पाहिलं. तहसीलदारांनी मान डोलावली.

“छापा,” काका म्हणाले. “अक्षरी रक्कम तेवढी हाताने लिहा.”